पडलेल्याला बाद करणाऱ्या दादाला

दादा,

हे पत्र तुला देणार नाही. तू ते कारखान्यात मोठ्याने वाचून सगळ्यांना हसवशील.

काल माझा चेंडू लागून तो फलंदाज क्रीजबाहेर कोसळला आणि तू, आपला यष्टिरक्षक आणि कप्तान, चेंडू उचलून बेल्स उडवल्यास आणि नाचलास. मी म्हणालो, "अपील मागे घे." तू म्हणालास, "तुझ्या त्या वेस्ट इंडियनला सांग, कप जिंकून द्यायला!"

माझा तो आवडता वेस्ट इंडियन वेगवान गोलंदाज, ज्याचे सामने मी टीव्हीवर बघतो, पडलेल्याला हात देतो, स्वतः लंगडून दाखवत त्याला हसवतो आणि पुढच्याच चेंडूवर त्रिफळा उडवतो. तुला यातले काहीच जमत नाही, म्हणून पडलेला माणूस सापडला की आनंद होतो.

रविवारपासून मी समोरच्या संघाकडून गोलंदाजी करणार आहे. तू पडलास तर आधी उठवीन. मग मात्र नीट उभा राहा.

तुझा धाकटा