बॅटरी उत्तम आहे

८ सप्टेंबर. सकाळ.
गाडी धाकटीला द्यायची हे नक्की. हॉस्पिटलमध्ये हिनेच सांगितलं होतं, गाडी माझ्या बहिणीला द्या, तुम्हाला चालवता येत नाही, तुम्ही नुसते आत बसून राहाल. मी हो म्हटलं होतं. हिला जाऊन परवा तीन महिने झाले.
आज धाकटीचा फोन. दोन वर्षांनी नोकरी लागली. शहराबाहेरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, एक तारखेपासून. ड्यूटी सकाळी सहाची, आणि इतक्या लवकर तिकडे बस जात नाही. म्हणाली, भाऊजी, गाडी कधी नेऊ? म्हटलं, केव्हाही ने, फक्त आधी बॅटरी बघून ठेवतो, तीन महिने गाडी उभी आहे. चौतीस वर्षं मी वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली. माझ्या सहीशिवाय एक काटा बाहेर गेला नाही.
मुदत: एक आठवडा. तोही जास्तच धरलाय.

९ सप्टेंबर
गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. बॅटरीवर सहा पानं. नियम उतरवून घेतले. इंजिन बंद, किल्ली काढलेली. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. जवळपास काडी, सिगरेट, ठिणगी नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. अंगावर धातू नको. सोडताना मायनसची काळी वायर आधी, जोडताना ती शेवटी. सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.
दुपारी बॉनेट उघडायला खाली गेलो. तीन वेळा पेट्रोलचं झाकण उघडलं, चौथ्यांदा डिकी. बॉनेट उद्या.

१० सप्टेंबर
बॉनेट उघडलं. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून ओरडून सांगत होत्या, सीटखाली नाही हो, स्टिअरिंगखाली बघा! मला माहीत होतं.
बॅटरीच्या प्लस टोकावर पांढरी-हिरवी पूड साचली आहे. नोंद केली. हात लावला नाही, कारण बोटातली अंगठी निघेना. साबण लावला, तेल लावलं. ही असती तर म्हणाली असती, अंगठी घट्ट झालेली नाही, बोट जाड झालंय. काम स्थगित.

संध्याकाळी साडेसहा ते पावणेआठ.
आतली तपासणी. माझ्या नेहमीच्या सीटवर, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसलो. किल्ली अर्धी फिरवली. रेडिओ चालू, हिचंच स्टेशन. दिवा चालू. घड्याळ चालू, बारा मिनिटं पुढे. तो बिघाड नव्हे. हिने मुद्दाम तसं लावलं होतं, माझ्यासाठी. मी तयार व्हायला वेळ लावतो असं तिचं मत होतं. सव्वा तास सगळं सुरळीत चाललं. म्हणजे बॅटरी उत्तम. हे रोज तपासायला हवं.

१२ सप्टेंबर
मीटर लावला. १२.५ व्होल्ट. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली. उगाच काळजी करत होतो.
दोन कप्प्यांत पाणी कमी. डिस्टिल्ड वॉटर आणलं, नळाचं चालत नाही. खुणेपर्यंतच भरायचं असतं. एका कप्प्यात खुणेच्या किंचित वर गेलं. दुसऱ्यात किंचितपेक्षा जास्त. जास्तीचं औषधाच्या ड्रॉपरने काढलं. आत ॲसिड असतं हे लक्षात होतं, फक्त पँटच्या बाबतीत राहून गेलं. मांडीवर एक भोक. पँट जुनीच होती.
आतली तपासणी: दीड तास. सर्व ठीक.

१५ सप्टेंबर
धाकटी आली. मुदत आज संपते असं म्हणाली. तिला समजावलं की टोकं साफ करायची राहिली आहेत, त्यासाठी वायर सोडायला हवी, आणि त्याआधी अंगठी. म्हणाली, भाऊजी, वरून रबरी मोजा घालणार ना? मग अंगठी काय करणार आहे? म्हटलं, नियम म्हणजे नियम. म्हणाली, ताई तर पायात चप्पल आणि तोंडात बिस्किट धरून टायर बदलायची. खरं आहे. पण सुरक्षितता हा हिचा विषय कधीच नव्हता.
नवी मुदत: वीस तारीख.

१७ सप्टेंबर
पुस्तकाच्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, अगदी तळाला, बारीक अक्षरात: बॅटरीची वायर सोडल्यास घड्याळ व रेडिओची स्टेशनं पुसली जातात, ती पुन्हा लावून घ्यावीत.
लावून घ्यावीत म्हणे. कोणी?
विचारांती ठरवलं की वायर सोडणं सध्या योग्य नाही. सुरक्षितता आधी.
अंगठी आज अंघोळीच्या वेळी आपोआप निघाली. परत घातली.

१९ सप्टेंबर
वायर न सोडता टोकं साफ केली. पुस्तकाला हे पसंत नाही, पण पुस्तक लिहिणाऱ्यांनी माझी परिस्थिती पाहिलेली नाही. प्लॅस्टिकचा जुना टूथब्रश, त्यामुळे धोका नाही. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावायचा, फेस येतो आणि पूड निघते. सोडा स्वयंपाकघरातूनच घेतला. हिने एकाही डब्यावर नाव लिहिलेलं नाही. म्हणायची, वासावरून कळतं. मला अंदाजाने कळलं.
फेस आला नाही. चिकटपणा आला. वाळू द्यावं.

२० सप्टेंबर. सकाळी आठ.
ती पिठीसाखर होती. बॉनेटखाली मुंग्याच मुंग्या. एक रांग थेट हेडलाइटपर्यंत.
धाकटीला फोन करून कळवलं की मुंग्या जाईपर्यंत गाडी देता येणार नाही. म्हणाली, भाऊजी, मी हसू की रडू, तेवढं सांगा.
ओल्या फडक्याने पुसून काढलं. मोजे आणि चष्मा घालूनच. वरच्या बाई म्हणाल्या, अहो, तुम्ही मुंग्यांचं ऑपरेशन करताय का?

२३ सप्टेंबर
१२.१ व्होल्ट. हे चमत्कारिक आहे. पाणी भरलं, टोकं (बऱ्यापैकी) साफ केली, रोज न चुकता तपासणी होते, तरी आकडा खाली. तपासणी कमी पडत असावी. आजपासून दोन तास.

२६ सप्टेंबर
११.८. सव्वासातला गाणं चालू असताना रेडिओ मध्येच बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा बंद.
निष्कर्ष: बॅटरी मुळातच सदोष. कारखान्यात असतो तर लाल स्टिकर लावून बाजूला ठेवली असती. अशी गाडी धाकटीला देणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. चांगलं झालं, घाई केली नाही.

२८ सप्टेंबर
धाकटी न सांगता आली. किल्ली मागितली. फिरवली. कट्. पुन्हा कट्. इंजिन काही लागलं नाही.
गाडीतच बसून बोलली. मला एक तारखेला सहाच्या ठोक्याला तिथे उभं राहायचंय. नाही गेले तर त्या जागेसाठी माझ्या मागे सात जण रांगेत आहेत. गाडी द्यायची नसेल तर तोंडावर सांगा, मी दुसरं काहीतरी बघते, पण बॅटरीच्या आड लपू नका. म्हटलं, मी लपत नाही, मी तपासतोय. म्हणाली, रोज दोन-दोन तास काय तपासताय? ती परत येतेय का ते?
लगेच तोंडावर हात ठेवला तिने. चहा ठेवतो म्हटलं तर थांबली नाही.
अन्याय आहे. तिला विजेतलं काही कळत नाही.

२९ सप्टेंबर. संध्याकाळ.
साडेसहाला बसलो. रेडिओ लागला नाही, दिवा लागला नाही. घड्याळाचे आकडे तेवढे होते, फिके. तेच बघत बसलो. सात वाजून दहा मिनिटांनी गेले. माझ्या मनगटावर सहा अठ्ठावन्न.
थोडा वेळ तसाच बसलो. तपासण्यासारखं काही नव्हतं.
धाकटी बरोबर बोलली असावी. विजेबद्दल नव्हे.
वर येऊन बॅटरीवाल्याला फोन केला. उद्या सकाळी नऊ. मग धाकटीला. म्हटलं, उद्या गाडी घेऊन जा. तिने विचारलं, आणि मुंग्या? म्हटलं, त्यांनाही घेऊन जा.

३० सप्टेंबर
बॅटरीवाला वेळेवर आला. मीटर लावला आणि विचारलं, काका, इंजिन बंद ठेवून रेडिओ कोण ऐकतं? म्हटलं, तपासणी चालू होती. म्हणाला, चांगली होती हो बॅटरी. तपासून तपासून मारलीत तुम्ही तिला. टोकांना हे गोड गोड काय लागलंय, असंही विचारलं. बोट चाटू नका एवढंच सांगितलं.
काळी वायर आधी सोडली त्याने. पाहून बरं वाटलं. सहा मिनिटांत जुनी बाहेर, नवी आत. माझे बावीस दिवस गेले होते.
धाकटी बसली. सीट पुढे ओढली, ही उंच होती. किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन लागलं. घड्याळात बारा वाजले होते आणि आकडे लुकलुकत होते. तिने बटणावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ताईसारखं लावू? बारा मिनिटं पुढे?
तिला माहीत असेल असं वाटलं नव्हतं.
म्हटलं, नको, बरोबर लाव. बारा मिनिटं आधी जाऊन त्या लॅबमध्ये करणार काय तू?
नाक पुसत म्हणाली, भाऊजी, तुम्ही पण ना. आणि गेली. वळणावर इंडिकेटर दिला. हिने कधी दिला नाही.

१ ऑक्टोबर
सकाळी धाकटीचा मेसेज: पोचले, पाच बावन्न.

दुपारी बॅटरीवाल्याला फोन केला. नव्या बॅटरीत पाणी किती दिवसांनी भरायचं? म्हणाला, भरायचंच नाही, सीलबंद आहे. टोकं? म्हणाला, ग्रीस लावून दिलंय. मग मी काय करायचं? म्हणाला, तीन-चार वर्षं काही नाही. म्हटलं, निदान महिन्यातून एकदा बघायला तरी? म्हणाला, बघा की, बघायला कोण नको म्हणतंय. पण काका, गाडी आहे कुठे?

संध्याकाळी साडेसहा.
गाडीच्या जागेची तपासणी. मधोमध तेलाचा एक डाग, ताटाएवढा. बाकी फरशी ठीक. डाग घासून निघेल. घाई नाही.