खाटेखालची टंचाई

चि. धाकटीस थोरलीचा आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. तुझा खोकला गेला का?

इथे तांदूळ मिळेना, मिळाला तर भाव आभाळाला. लेक रोज माझ्या खाटेवर बसून दुकानदाराच्या नावाने ओरडायचा, "सगळे साठेबाज आहेत!" खालची शिवणवाली मात्र रिकामी पिशवी घेऊन परतायची. तिची पोरं अर्धपोटी झोपायची.

परवा माझ्या उशीवर किडे चढले. वाकून बघते तर खाटेखाली तांदळाची पोती! सून म्हणाली, "आई, हळू बोला, शेजारी ऐकतील."

"बरं, बोलतच नाही," म्हटलं, आणि लेकालाच पोती उचलायला लावून तांदूळ गच्चीवर उन्हात पसरला. निवडायला शिवणवालीला बोलावलं आणि आधी तिची पिशवी भरली.

दुपारपर्यंत एकेक शेजारीण आपापला किडका तांदूळ घेऊन वर. "आमच्याकडेही थोडा होता हो!" थोडा कसला, गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येकीला शिवणवालीसाठी वाटा काढायला लावला.

आता दुकानात कुणी फिरकत नाही. दुकानदार भाव उतरवून हाका मारतो. मी म्हटलं, "ओरडू नकोस बाबा, खालची पोरं पोटभर जेवून झोपलीत."

घरच्यांना विचारलंय म्हणून सांग.

तुझी थोरली