गाईडच्या चपला

रविवार, भांडगाव

न्हाई, अंदमान वाईट न्हाई. समुद्र झ्याक, शहाळी गोड. संतोषनं आम्हा बापलेकापुरती दिवसभर गाडी आन् गाईड केला, तेवढा उगाच थाट.

एका हॉटेलच्या गेटाबाहेर गाईडनं चपला काढल्या, मग आत गेला. संतोष हसला, "आबा, ह्याला देऊळ वाटलं का काय?"

गाईड म्हणला, "पहले हमारा खेत था, बाबूजी."

आपण तरी खळ्यात चपला घालून जातो का?

आज जेवताना संतोष म्हणतोय, रस्त्याकडंचं रान रिसॉर्टवाल्याला देऊ, सही करा. त्या चपला त्यानं पण बघितल्या व्हत्या, माझ्या शेजारीच हुबा व्हता. मग त्याला दिसलं न्हाई का काय?

सही करणार न्हाई. का, ते सांगत बसणार न्हाई.