तीन नंबरची टाकी

सोमवार, ४

लागले एकदाची कामाला! ताईने शब्द टाकला आणि वर्कशॉपच्या मालकाने फारशी चौकशी न करता मला ठेवून घेतलं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, इथे तीन नंबरच्या सीएनसी मिलिंग मशीनवर ऑपरेटर आहे. मी तिच्याच घरी उतरलेय, मागच्या खोलीत. दाजींनी माझी बॅग स्वतः वर आणून ठेवली आणि म्हणाले, आता घरात दोघी बहिणी, म्हणजे माझं बोलणं कायमचं बंद. जसं काही ताईपुढे आधी बोलायला मिळत होतं!

काम असं: सहा मशीनं, प्रत्येकीखाली एक टाकी. पोलाद कापताना कटर तापतो, म्हणून त्यावर दुधासारखं पांढरं पाणी सतत पडत राहतं. त्याला कूलंट म्हणतात. ते खाली टाकीत उतरतं आणि पंपाने परत वर येतं. उतरताना मशीनचं तेल आणतं, लोखंडाचा चुरा आणतं. लक्ष दिलं नाही तर वर तेलाची साय धरते, खाली हवा जात नाही आणि सगळं नासतं. मग सुटते ती घाण! ती घालवणं हे माझं काम. दूध डेअरीत टाक्या धुवून आलेय मी, माझ्या नाकाला कोणी फसवू शकत नाही.

पाच टाक्या ठीक होत्या. तीन नंबरचं झाकण उचललं आणि तसंच परत आपटलं. ताई दिवसभर तिच्या शेजारी उभी असते आणि वर हसून सांगते, सवय होते गं. कसली डोंबलाची सवय!

मंगळवार, ५

वासाचं कारण सापडलं आणि माझं डोकंच फिरलं. जेवण झालं की एकेक जण उठतो, तीन नंबरशी जातो आणि डब्यातलं खरकटं टाकीत झटकतो. हाडंसुद्धा! ताईही त्यातच. मी तिथल्या तिथे सगळ्यांची खरडपट्टी काढली. फोरमनकाका म्हणाले, पहिल्यापासून असंच आहे, तिला द्यावं लागतं. मी विचारलं, तिला म्हणजे कुणाला? तर चष्मा पुसत राहिले. लेथवरचा एक आडदांड माणूस आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात. तो म्हणाला, एकदा आठवडाभर दिलं नव्हतं, तेव्हा आधीच्या ऑपरेटरची दोन बोटं गेली. मी म्हटलं, बोटं निष्काळजीपणाने जातात, भुकेने नाही.

तेव्हापासून मला नाकवाली म्हणतात. म्हणेनात का.

शनिवार, ९

आज मशीन बंद ठेवून टाकी उपसली. वरची साय काढली, पंप सोडवला, आत उतरून खरवडून काढलं, औषध घालून धुतलं. हात कोपरापर्यंत सोलवटले. पण टाकी कशी लख्ख झाली! मालक येऊन बघून गेला, शाब्बास म्हणाला.

एक गोष्ट मात्र कळली नाही. एवढं खरकटं रोज पडतं, पण तळाशी काहीच नव्हतं. शीत नाही, हाड नाही. नुसता चुरा.

फोरमनकाकांनी जुन्या कूलंटची एक बादली बाजूला काढली होती. नवं भरल्यावर त्यात घालायची म्हणे, विरजण लावतात तशी. अहो, तेच तर करायचं नसतं! नासकं घातलं की नवंही नासणारच. बादली ओतून द्यायला सांगितली. मान डोलावून घेऊन गेले.

सोमवार, ११

वास नाही! सोमवारी तर सगळ्यात जास्त यायला हवा, रविवारभर सगळं साचून राहतं ना. मी दहा वेळा हुंगून बघितलं. ताईने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. टाकीच्या झाकणाला कुलूप लावलंय आणि किल्ली माझ्या खिशात. आता टाका म्हणावं खरकटं!

बुधवार, १३

सकाळपासून एक गोडसर वास येतोय. डेअरीत उतू गेलेल्या दुधाचा यायचा, तसा काहीसा.

शेडमधली मांजर मेली. कूलंट मशीनमधून ज्या पन्हळीने टाकीत उतरतं, तिच्या तोंडाशी सापडली. सापडली म्हणजे कातडं सापडलं. आतून पुसून काढल्यासारखं, रिकामं. पैलवानाने ते उचललं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला राग आला. मी म्हटलं, उंदराचं औषध खाल्लं असेल. मला माहीत होतं, औषधाने असं होत नाही.

ताई घरी आल्यावर म्हणाली, कुलूप काढ. मी ऐकलं नाही. थोरली असली म्हणून काय झालं, टाकी माझी आहे.

शुक्रवार, १५

फोरमनकाका गेले.

लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पक्कडीने कुलूप तोडलं आणि आपला अख्खा डबा आत ओतायला वाकले. मी ओरडत धावले. मी पोचायच्या आत त्यांचा हात खांद्यापर्यंत आत गेला होता. घसरला नव्हता, ओढला गेला होता. तोंड टाकीच्या काठावर आपटलं. परत आपटलं. दात माझ्या पायाशी येऊन पडले. पैलवानाने कंबर धरली, मी पाय धरले आणि आम्ही ओढलं. सुटले तेव्हा खांद्याखाली हात नव्हता, नुसती हाडं होती, पांढरी, धुतलेली. बोटांची हाडंसुद्धा जागच्या जागी.

जमिनीवर पडल्यापडल्या ते मला म्हणाले, बादली ओतली नाही गं पोरी, परत घातली, तिला राग नको यायला म्हणून. आणि तू तिला उपाशी ठेवलंस. मग डोळे फिरले.

मी उपाशी ठेवलं. मी.

शनिवार, १६

पैलवानाने घरातलं होतं नव्हतं ते आणून टाकीत ओतलं. तिने सगळं बाहेर थुंकलं. त्याच्या अंगावर, भिंतीवर. आता तिला खरकटं नको. रक्ताची चटक लागली.

मी खालचा नळ उघडून टाकी रिकामी करायला गेले. टाकी काठोकाठ भरलेली, पण एक थेंब पडला नाही. आतून कुणीतरी धरून ठेवलं होतं.

मालक म्हणतो, अपघात झाला, पंचनामा झाला, विषय संपला. सोमवारी मशीन चालू पाहिजे. त्याच्या पाया पडले. हलला नाही.

मी ताईला म्हटलं, तू जाऊ नको. ती म्हणाली, मी गेले नाही तर कुणा नवख्याला उभं करतील, त्याला काय ठाऊक? मी लांबून चालवीन. अशीच आहे ही. लहानपणी माझ्या वाटचा मारही हीच खायची.

सोमवार, १८



ताई टाकीपासून लांबच होती. कटरवर पाणी पडेना, ठिणग्या उडायला लागल्या, म्हणून तिने मशीनचं दार सरकवून आत हात घातला. वरच्या नळीतून ते आलं. पांढरं, जाड, दोरीसारखं. मनगटाला वेढा घातला आणि तिला आत ओढलं. ताई किंचाळली. कातडी सोलली जाताना मला दिसत होती. मनगट, मग त्याच्या वर, मग त्याच्या वर—

आगीसाठी भिंतीला लावलेली कुऱ्हाड. मीच घेतली. कोपराच्या वर मारली. हात एका घावात तुटला नाही. ती माझ्याकडे बघत होती. परत मारली.

ताई जिवंत आहे. ताई जिवंत आहे. बाकी काही मला कळत नाही.

बुधवार, २७

ताई घरी आली! दाजी रडले, मीही रडले. डॉक्टर म्हणाले, इतकी स्वच्छ जखम, इतक्या लवकर भरलेली, आम्ही पाहिली नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, असं ताईच मला समजावते. कुऱ्हाड धरायला तरी शीक, म्हणाली. आम्ही दोघी हसलो. किती दिवसांनी.

पैलवान भेटायला आला होता. तीन नंबरला आता वास नाही, म्हणाला. नळ उघडला तर सगळं सरळ वाहून गेलं. साधं पाणी. ती गेली तिथून.



शुक्रवार, २९

ताईला भूक फार. सकाळचं सगळं संपवलं, मग रात्रीसाठी ठेवलेलं. हाडं ताटात राहिली नाहीत.

तिची पट्टी मी बदलते. रक्त नाही. पांढरं. दुधासारखं. तिला दाखवलं नाही. चार वेळा धुतलं, औषध लावलं. धुतलं की परत येतं.

गोडसर वास. उशीला, चादरीला.

शनिवार, ३०

ताई रडत होती. म्हणाली, मला बांधून ठेव. मला तुमचा वास येतोय, तुझा आणि ह्यांचा, आणि तोंडाला पाणी सुटतंय. दाजी म्हणाले, भलतंसलतं बोलू नकोस. तिला जवळ घेतलं.

मी बांधायला हवं होतं. दोरी आणायला उठलेही होते. दाजींनी हात धरला माझा.

रविवार

दाजी नाहीत.

सकाळी स्वयंपाकघरात. तिने त्यांना मिठी मारली होती. मला वाटलं, मिठी. तो तुटका हात त्यांच्या गळ्यात— आत, गळ्याच्या आत. पाय झाडत होते. मी खुर्ची मोडली तिच्या पाठीवर. वळून बघितलं नाही. दाजींचे कपडे तेवढे खाली पडले, अंगातलं सगळं—

मागच्या खोलीत आहे. कडी लावलीय, कपाट सरकवलंय. खिडकीला गज.

रविवार, नंतर

ती दाराशी बसलीय. रडतेय. आवाज ताईचाच. म्हणते, कुऱ्हाड आण गं, या वेळी मानेवर मार, मला सोडव. मग थांबते. मग त्याच आवाजात म्हणते, दार उघड, भूक लागलीय.

आधीचं ताई बोलते. नंतरचं ती. मला फरक कळतो. अजून कळतो.

कुऱ्हाड इथे नाही. पलंगाचा लोखंडी दांडा काढलाय. दाराखालून पांढरं आत येतंय, पायापर्यंत आलं. तिथेच थांबलं. आता ताईच बोलली, लवकर कर म्हणाली, फार वेळ धरवत नाही. धरून ठेवलंय तिने, माझ्यासाठी. माझ्या वाटचा—

कपाट सरकवलं. ताई, आले. धर. अजून थोडं धर, मी कडी काढते आणि