बोंबलांचं ऊन

रविवार, आगर

जनरेटर नको, हा हट्ट माझाच. कॅरॅव्हॅनमधून येणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगितलं होतं, आमच्या वाडीत धूर नाही, आवाज नाही, सगळं सूर्यावर. म्हणून सकाळी त्यांची गाडी चिकूच्या सावलीतून काढून उघड्यावर, कुंपणाला लागून उभी करायला लावली. छतावरच्या सोलरला ऊन मिळायला हवं ना. कुंपणापलीकडे शेजारच्या हिराकाकूंचे बोंबील बांबूंवर टांगलेले. दिसले नाहीत का मला? रोज तर दिसतात.

दुपार कलल्यावर काकू आल्या. "तुझ्या पाहुण्यांची गाडी उन्हावर चालते ना? माझे बोंबीलपण उन्हावरच चालतात गो." एवढंच बोलून गेल्या. जाऊन पाहिलं, तर गाडीची भलीमोठी सावली बोंबलांवर. ओलेच होते अजून, माश्या घोंघावत होत्या.

गाडी लगेच हलवली. पण तोवर ऊनच उतरलं होतं.

निसर्गाला धक्का नको म्हणत मी काकूंचं ऊन पाहुण्यांना देऊन टाकलं. आणि ते उद्या कुठून परत आणू?

आत्ताच पाहुणे विचारून गेले, इथले सुके बोंबील कुठे मिळतील. काकूंकडे विचारा, असं म्हणायला जीभ रेटेना.