शकुनबाईंचा होकार

अमरावती
रविवार, दुपार

प्रिय दीपाताई,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. गेल्या महिन्यापासून मला फोनवर बोलायचीच धास्ती बसली आहे. परतवाड्याला सगळे बरे असाल. भाऊजींचा गुडघा कसा आहे ते कळव.

माझी नोकरी तुला माहीत आहे, म्हणजे तू गावभर सांगतेस तेवढीच: साधना बँकेत आहे. बँक नाही गं, शिक्षणासाठी कर्ज देणारी कंपनी. कर्ज मुलाचं, सोबत आई किंवा बाप सहकर्जदार. कॉलेजला पैसे जाण्याआधी सहकर्जदाराला फोन करून पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं रेकॉर्ड करायची, असा आमच्याकडे दंडक. मुलानं भरलं नाही तर तुम्ही भराल ना, हा शेवटचा प्रश्न. रेकॉर्डिंग नाही तर कर्ज नाही. आणि महिनाअखेरीला कुणाची तरी आई हमखास फोन उचलायची नाही. मग आम्ही पोरी एकमेकींना विचारायचो, आज आई कोण होणार? एकीनं प्रश्न विचारायचे, दुसरीनं शेजारच्या खोलीतून उत्तरं द्यायची. हसून हसून पोट दुखायचं. पोराची ॲडमिशन वाचली, आपलं टार्गेट झालं, त्यात काही पाप वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. आई व्हायला सगळ्यांत तरबेज मी, कारण मी आपल्या आईसारखं बोलायचे. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मार्चमध्ये वलगावच्या शकुनबाई ऑफिसात आल्या. शाळेत खिचडी शिजवतात. त्यांचा नितेश दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून कुठे गेला पत्ता नाही, फोन बंद. कंपनीनं नोटीस आईला धाडली. बाई म्हणाल्या, "मले कोणाचाच फोन आला नाई, मी काहून भरू?" पुतणीकडून त्यांनी रीतसर तक्रार लिहून आणली होती. हल्ली तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ शकते, म्हणून सगळे टरकून असतात. आमचे मॅनेजर सौमित्र सर, त्यांनी दोन वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग शोधलं आणि बाईंना समोर बसवून लावलं. मी तिथेच उभी होते.

ताई, तो आवाज माझा नव्हता. ती आई होती. बोलण्याआधीचा तिचा तो खाकरा, वाक्य संपताना खाली जाणारा श्वास. त्या दिवशी शकुनबाई मीच झाले होते, शेजारच्या खोलीत बसले होते हे मला पक्कं आठवतं, पण ऐकताना ते पटेना. मुलं किती, या प्रश्नापुढे फॉर्मवर एक लिहिलं होतं. आवाज म्हणाला, "हाये हा एकच. एक देवानं नेला. त्याले मी कागदावर मोजत नाई." आपल्या गेलेल्या बाळूबद्दल आई असंच सांगायची. पण हे मी बोलले का? मला आठवत नाही, शपथेवर सांगते.

शकुनबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचंही एक लेकरू सव्वा महिन्याचं होऊन गेलं होतं, आणि ते त्यांच्या नितेशलासुद्धा माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाल्या, "माहाच आवाज हाये बाई. मीच इसरली." मग त्यांना एकेक आठवायला लागलं. फोन आला तेव्हा आपण शाळेच्या नळावर तांदूळ धूत होतो, हात ओले होते, फोन खांद्यात धरला होता. सर मान डोलावत होते. रेकॉर्डिंग चालूच होतं, आणि त्यात मागे नळाचं पाणी पडत होतं. आमच्या त्या खोलीत नळ नाही, ताई.

बाईंनी तक्रार मागे घेतली. "बोलली असन तं भराच लागन," एवढंच म्हणाल्या. राहत्या दोन खोल्या त्यांनी विकायला काढल्या आहेत. येत्या शुक्रवारी खरेदीखत आहे.

मला जेवण जाईना. मी अकोल्याला मुख्य कार्यालयात गेले आणि तक्रारी बघणाऱ्या साहेबांना सगळं सांगून टाकलं. नोकरी जाईल हे माहीत होतं, त्याचं काही नाही. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं आणि म्हणाले, बोलून दाखवा. मी बोलले. निघाला तो माझाच कोरडा, शहरी आवाज. इतकी वर्षं हुकमी जमायचं ते, पण एक वाक्य आईसारखं येईना. साहेब सज्जन आहेत, म्हणाले, मॅडम, थोडी विश्रांती घ्या. त्या दिवशी प्रश्न विचारणारी आरती लग्न होऊन धामणगावला गेली, तिनं कानावर हात ठेवले. शेवटी मी फारच रडले तेव्हा साहेबांनी एक संधी दिली. हा आवाज तुमचाच असं लहानपणापासून तुम्हाला ओळखणारं कुणी लिहून देत असेल, तर त्यांना घेऊन या. फाइल पुन्हा उघडतो.

असं माणूस आता जगात तू एकटी उरलीस, म्हणून हे पत्र. गुरुवारी सकाळी परतवाड्याहून निघ, अकोल्याला स्टँडवर मी थांबते. तुला ते रेकॉर्डिंग ऐकवतील. पहिला खाकरा ऐकलास की तुझ्या तोंडून "आई" अशी हाक निघेल, मला माहीत आहे. निघू देऊ नकोस. तू तिला हाक मारलीस तर शकुनबाई बेघर होतील. त्या साहेबांसमोर ठामपणे सांग की ही माझी धाकटी बहीण साधना आहे. ते खरं आहे का, हे मला आता छातीठोकपणे म्हणता येत नाही, ताई. तू म्हण.

तुझीच,
साधना