टॅबवरचा नकाशा

सालेकसा,
१२ जून

प्रिय चंद्रकुमार,

हे पत्र हाताने लिहिते आहे, कारण मोबाइलवर पाठवलं असतं तर पहिल्या चार ओळी वाचून तू एक अंगठा पाठवला असतास आणि पुढच्या मीटिंगला निघून गेला असतास. कागद निदान उघडावा लागतो. ऑफिसच्या पत्त्यावर न पाठवता मुद्दाम तुझ्या खोलीच्या पत्त्यावर पाठवते आहे. एकटा असशील तेव्हा वाच.

मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे. बरी नाही. दीड महिना झाला, त्या टॅबकडे बघितलं की मला किळस येते. टेबलावर पालथा घालून ठेवलाय. काचेवर बोटांचे तेलकट डाग, कव्हरला जोडलेल्या त्या चपट्या कीबोर्डचा घामट रबरी वास. हात लावला तर साबणाने धुवावासा वाटतो. तू म्हणशील, वस्तूवर काय राग काढतेस? पण सुरुवात तिच्यापासूनच करते. तूही तिच्यापासूनच केली होतीस.

जानेवारीत तू संस्थेच्या गाडीतून पाच खोकी घेऊन उतरलास. आम्ही पाच तालुक्यांचे पाच कार्यकर्ते व्हरांड्यात उभे होतो. "लॅपटॉपचा जमाना गेला," तू म्हणालास. "हलका आहे, बॅटरी दिवसभर चालते, जंगलात घेऊन फिरा. सगळं काम होतं याच्यावर." आणि बोलता बोलता आमचे लॅपटॉप गाडीत भरायला लागलास. मी विचारलं, नकाशाचं सॉफ्टवेअर याच्यावर चालतं का? तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "अ‍ॅप आहे ना. सवय पाहिजे फक्त." मी गप्प बसले. त्या टॅबवर माझा विश्वास बसला होता म्हणून नाही, तू सांगत होतास म्हणून.

चार वर्षांपूर्वी रेल्वेलाइनजवळच्या त्या खोलीत आपण दोघं त्याच जाडजूड लॅपटॉपवर नकाशे शिकलो. मालगाडी गेली की टेबल हलायचं, आणि रेघ हलू नये म्हणून तू माऊसवर माझा हात धरून ठेवायचास. गाडी निघून गेल्यावरही जरा वेळ धरून ठेवायचास. तेव्हा तू मला एक गोष्ट शिकवली होतीस, की सामूहिक वनहक्काच्या दाव्यात नकाशा म्हणजे गावाची सही असते. गावाने पिढ्यान् पिढ्या जिथून मोह वेचला, तेंदूपत्ता तोडला, तेवढं रान त्या रेघेच्या आत यायला हवं. रेघेबाहेर राहिलं, ते कागदोपत्री गावाचं कधी नव्हतंच. हे तू शिकवलंस, म्हणून जास्त शिसारी येते.

फेब्रुवारीत पांगरटोल्याची हद्द फिरलो. टॅबने तिथे चांगलं काम केलं, हे मी नाकारत नाही. तीन दिवस आम्ही चाललो, प्रत्येक खुणेच्या झाडाजवळ थांबून मी जागेची नोंद केली, फोटो काढले, म्हाताऱ्यांचे जबाब त्यांच्याच आवाजात घेतले. लॅपटॉप काखोटीला मारून हे जमलं नसतं. पुढे धुरपताबाई चालायची. तिचं वय पासष्टच्या पुढे, पायात चप्पल नाही, कमरेला विळा खोचलेला. नाला ओलांडला तसा तिचा चेहराच बदलला. "हा माह्या सासूचा मोह, हा चुलत सासऱ्याचा," असं एकेका झाडाला हात लावून सांगत होती. नाल्यापलीकडचं ते बावीस हेक्टर रान म्हणजे तिच्या टोलीतल्या सगळ्या घरांचं अर्ध्या वर्षाचं जगणं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि तिथे तुझ्या टॅबने हात टेकले. आपलं सॉफ्टवेअर त्यावर चालतच नाही. चालतं ते त्याचं पिल्लू. नोंदी दाखवतं, जुळवत नाही. जुने जबाब आपण ज्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केले होते, ते उघडले तर सगळी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची विष्ठा. तेवढे परत टाइप केले. एका बाजूला जुना सरकारी नकाशा आणि दुसऱ्या बाजूला आपला ठेवून बघायचं म्हटलं, तर दोन्ही पोस्टाच्या तिकिटाएवढे. माझ्या एका बोटाखाली अख्खी टोली झाकली जायची. मी तुला तीनदा फोन केला, महिनाभर तरी लॅपटॉप परत दे म्हणून. तू म्हणालास, "मंजू, तूच असं केलंस तर बाकीचे काय करतील?" मग मी मान खाली घालून तीन आठवडे तशीच खपले. त्या मान खाली घालण्याचाही आता वीट येतो.

नऊ मार्चला तू निधी देणाऱ्या पाहुण्यांना घेऊन पांगरटोल्यात आलास. मोहफुलं नुकती पडायला लागली होती. पाहुण्यांना त्या वासाने कसंतरी होत होतं, त्यांनी नाकाला रुमाल लावले होते. झाडाखाली खुर्च्या मांडल्या, माझा फोटो काढला, मी टॅब तुझ्या हातात देऊन बायकांबरोबर चहा करायला गेले. अठरा तारखेला दावा दाखल झाला. शेवटचा नकाशा मी त्याच काचेवर तपासला होता आणि मला तो बरोबर दिसला होता.

चोवीस एप्रिलला उपविभागीय समितीपुढे सुनावणी झाली. गावातून सतरा माणसं आली होती, वनहक्क समितीचे अध्यक्ष केवळरामकाका धुतलेलं धोतर नेसून. साहेबांनी मोठा छापलेला नकाशा टेबलावर पसरला, आपल्या जोडपत्रांशी ताडून बघितला आणि म्हणाले, "नाल्यापलीकडचं क्षेत्र तुम्ही मागितलेलंच नाही." मी वाकून बघितलं. रेघ नाल्याच्या पलीकडून जायची ती अलीकडून गेली होती. बावीस हेक्टर बाहेर. केवळरामकाका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मंजूबाई, आपला नाला कोठी गेला?" साहेब माणूस बरा होता; ग्रामसभेचा नवा ठराव घेऊन महिनाभरात दुरुस्त नकाशा आणा म्हणाला. पण बाहेर पायऱ्यांवर धुरपताबाई माझ्यासमोर उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "मंग तीन दिवस मले कायले फिरवलंस वं, बाई?" मागून कोणीतरी बोललं, हिले वरून सांगितलं असंल. सगळे एसटीत बसले. माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. गाडीत उभी माणसं होती, तरी ती रिकामी राहिली.

एसटीतून उतरल्या उतरल्या मी तुला फोन केला. मी रडत होते. एवढंच सांगितलं की नाल्यापाशी रेघ सरकली आहे. तू थोडा वेळ काहीच बोलला नाहीस. मग म्हणालास, "रिपोर्टमध्ये यूजर एरर लिहून टाक. आणि पाहुण्यांच्या दिवसाचं कुठे काही काढू नको." यूजर म्हणजे मी, एवढं कळलं; दुसरं वाक्य तेव्हा कळलं नाही. रडणाऱ्या माणसाला सगळं कुठे ऐकू येतं?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गोंदियाला गेले. बाजारातल्या गल्लीत गुलाबचंदजींचं छपाईचं दुकान आहे, लग्नपत्रिका आणि बॅनर करतात. त्यांच्याकडे मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आहे. माझ्या हातातला टॅब बघून ते म्हणाले, "बिटिया, इत्ता बड़ा जंगल तुम इस पाटी पर उंगली से खींच रही थी?" मग आपली खुर्ची मला दिली आणि चार दिवस स्वतः स्टुलावर बसले. त्या पडद्यावर सगळ्या नोंदी एकाखाली एक उघडल्या. प्रत्येक खुणेपुढे ती कधी घेतली आणि कधी बदलली त्याची वेळ असते, हे तुला माहीत आहे. टॅबवर ती यादी कधी नीट उघडलीच नव्हती. नाल्याजवळच्या तीन खुणा फेब्रुवारीत घेतल्या होत्या आणि तिन्ही बदलल्या होत्या नऊ मार्चला, दुपारी बारा चाळीसला. मी तेव्हा चुलीपाशी होते. टॅब तुझ्या हातात होता. नकाशा बोटाने किती सहज सरकतो, हे तू पाहुण्यांना दाखवत होतास, गावाच्या खऱ्या फाइलवर. तेव्हा तुझं फोनवरचं दुसरं वाक्य मला ऐकू आलं. गुलाबचंदजींनी विचारलं, "तबीयत ठीक है?" मी बाहेर जाऊन नालीपाशी ओकले.

पाच मेला दुपारी ग्रामसभा झाली. तेंदूपत्त्याचे दिवस, बाया पहाटेपासून पानं तोडून आलेल्या, सगळ्यांच्या हातांना तो हिरवा तुरट वास. मी उभी राहिले आणि म्हणाले, रेघ चुकली, ती तपासणं माझं काम होतं, मी ते नीट केलं नाही. यात खोटं काही नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. तुझं नाव ओठापर्यंत आलं होतं, ते मी गिळलं. केवळरामकाकांनी जमिनीवर मोठा नकाशा पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले. धुरपताबाई पुढे आली. "आता कोणत्या रेघेवर अंगठा लावून राहिली मी, ते मले बोट ठेवून दाखव," म्हणाली. मी दाखवलं. तिने माझं बोट बाजूला सारून स्वतःचं ठेवलं आणि सगळी रेघ फिरवली. नाला ओलांडला, एकेका झाडापाशी थांबली, नावं घेतली, परत आली. अर्धा तास लागला. मग तिने अंगठा लावला. माझ्याकडे बघून हसली वगैरे नाही, पण जाताना म्हणाली, "उन्हात नको जाऊ, जेवून जा." तीन जूनला समितीने दुरुस्त नकाशा मान्य केला आणि दावा जिल्ह्याकडे गेला.

आणि त्याच आठवड्यात संस्थेची चकचकीत पुस्तिका आली. मोहाच्या झाडाखाली टॅब धरलेली मी, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'एका टॅबवर उभा राहिला गावाचा दावा'. मजकूर तुझा आहे, तुझी वाक्यं मी ओळखते. पुढच्या दिवशी तुझा फोन आला. वीस तारखेला नागपुरात कार्यक्रम आहे, मी पाच मिनिटं बोलायचं, म्हणजे भंडारा आणि गडचिरोलीचे लॅपटॉपही काढून घेता येतील. मी हो हो म्हणत गेले. तोंडाला इतकी सवय झाली आहे. पण मी येणार नाही. विश्वस्तांना दोन पानं लिहून पाठवली आहेत. फिरून नोंदी घ्यायला टॅब द्या. ताडून बघायला, जुळवायला आणि शेवटची सही करण्यापूर्वी डोळे फाडून तपासायला लॅपटॉप द्या, लोकांचं रान त्यावर ठरतं. एवढंच लिहिलं आहे. तुझं नाव त्यात नाही.

आता ज्यासाठी कागद पुढे ओढला, ते लिहिते. एक तारखेला तुझी आत्या इथल्या, गोंदियाजवळच्या गोरेगावला आमच्या घरी येऊन गेली. तुझ्याकडून मागणी घातली. आईने तेव्हापासून शेजारपाजारी सांगायचं तेवढं बाकी ठेवलंय. बाजाराच्या दिवशी जाऊन दोन साड्या बघून आली, आणि रोज फोनवर विचारते, काय कळवू? चार वर्षं मी या निरोपाची वाट बघितली. तो जानेवारीत आला असता, तर मी सालेकशाहून पायी गेले असते. माझं उत्तर नाही असं आहे. तुझं बोट घसरलं म्हणून नव्हे. बोट कोणाचंही घसरतं, माझी नजरही चुकलीच. पण मी रडत होते, तुला ठाऊक होतं रेघ कोणी सरकवली, आणि तेवढ्या वेळात तुला माझं नाव सुचलं. अशा माणसाच्या ताटाशेजारी ताट मांडून मला जेवता येणार नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगते आहे. पंचवीस तारखेला सकाळी दहाला पांगरटोल्यात पुन्हा ग्रामसभा आहे. यावंसं वाटलं तर ये आणि केवळरामकाकांना, धुरपताबाईला स्वतःच्या तोंडाने सांग. मी काही बोलणार नाही, तुझ्या आधीही नाही आणि नंतरही नाही. माझ्यासाठी मात्र येऊ नकोस. तू आलास तरी माझं उत्तर हेच राहील.

इतके दिवस तुझीच असलेली,
मंजू